पाऊस पडूनही चालू राहिलेले तुषार

ए-१०२ : सर्वांना नमस्कार. काल रात्रभर पाऊस कोसळला, तरीही पहाटे ५ वाजता आपल्या सोसायटीच्या बागेतले तुषार (स्प्रिंकलर) नेहमीप्रमाणे २० मिनिटे चालले. हिरवळीवर पाय ठेवताच चपलेभोवती पाणी वर आले. आपण हे किती दिवस नुसते पाहत राहणार आहोत?

सचिव : आपली तळमळ समजते. टायमरला फक्त घड्याळ कळते, पाऊस कळत नाही. म्हणूनच मागच्या सभेत मी हवामान पाहून पाणी सोडणाऱ्या स्मार्ट कंट्रोलरचा प्रस्ताव मांडला होता. तो कोणी अडवला, हे सर्वांना ठाऊक आहे.

सी-३०४ : तेव्हाही म्हटले होते, आताही म्हणतो. आधी तीन नंबरच्या व्हॉल्व्हची गळती काढा.

बी-२०१ : माझे कामच सिंचनाचे असल्यामुळे जरा सविस्तर लिहिते. माती आणि पानांतून रोज किती पाणी उडून जाते, याचा हिशेब हा कंट्रोलर तापमान, आर्द्रता, वारा आणि ऊन यांवरून करतो. त्यासाठीचे पेनमन-मॉन्टिथ सूत्र संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९८ साली प्रमाण पद्धत म्हणून प्रसिद्ध केले. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. आपली बाग ८०० चौरस मीटरची आहे, म्हणजे कडक उन्हात ५ मिलिमीटर उडाले तर ४,००० लिटर लागतात आणि ढगाळ दिवशी २ मिलिमीटर उडाले तर १,६०० लिटर पुरतात. टायमर मात्र दोन्ही दिवशी सारखेच ओततो.

ए-५०१ : नेट बंद पडले की झाडे वाळतील, याला जबाबदार कोण? माझा विरोध तेव्हा एवढ्याचसाठी होता.

बी-२०१ : काका, नेट गेले तरी ठरलेले वेळापत्रक चालू ठेवणारा कंट्रोलर निवडता येतो. आपले व्हॉल्व्ह २४ व्होल्टचे आहेत, त्यामुळे ते तारांसकट तसेच राहतील आणि फक्त भिंतीवरचा टायमर बदलेल. शिवाय आपल्या चिकण मातीत सलग २० मिनिटांचे पाणी वाहूनच जाते. तेच ५-५ मिनिटांनी, मध्ये थांबून दिले की मुरते.

सी-३०४ : आणि तीन नंबरचा व्हॉल्व्ह?

ए-१०२ : दादा, तोच मुद्दा पुन्हा पुन्हा कशासाठी?

सी-३०४ : कारण शनिवारी रात्री बागेचे सगळे पाणी बंद असताना मी मीटरपाशी टॉर्च घेऊन उभा होतो. अर्ध्या तासात ४० लिटर गेले.

बी-२०१ : म्हणजे दिवसाला १,९२० लिटर. ढगाळ दिवशी अख्ख्या बागेला लागते त्याहून हे जास्त आहे! कंट्रोलर बंद होण्याचा आदेश देईल, पण व्हॉल्व्हमधला रबरी पडदाच फाटला असेल तर पाणी जातच राहील. मी आधी हेच विचारायला हवे होते.

सचिव : हे मीटरचे वाचन सभेत कळवले असते, तर बरे झाले असते.

सी-३०४ : सभेत मला बोलू दिले नव्हते, साहेब.

सचिव : ठीक आहे. उद्या सकाळी ७ वाजता माळी त्या व्हॉल्व्हचे झाकण उघडेल. ताई, आपणही याल का? पडदा बदलून झाल्यावर रात्री पुन्हा मीटर पाहू आणि त्या आकड्यासह कंट्रोलरचा प्रस्ताव नव्याने मांडू.

बी-२०१ : येते. हिरवळ आणि झुडपे एकाच व्हॉल्व्हवर आहेत का, तेही तेव्हाच पाहू.

सी-३०४ : टॉर्च मी आणतो.