कारवान मादी माजावर येत नाही, गोळी द्यावी का?

रानवाट (अहमदपूर)

आमची हरणी, कारवान जातीची कुत्री, चार वर्षांची, वजन २२ किलो. गेल्या नोव्हेंबरात लावली होती, जानेवारीत सहा पिल्लं झाली. तिचा माज वर्षातून एकदाच, पावसाळा सरला की. यंदा डिसेंबर उजाडला तरी रक्त नाही, सूज नाही. चाकूरजवळचा एक नर ठरवलाय, इसारही दिलाय. पण त्याचा मालक महिनाअखेर कुत्रं घेऊन नाशिकला चाललाय. मित्र म्हणतो कॅबरगोलिनची गोळी दे, आठ दिवसांत माजावर येते. म्हशीला इंजेक्शन दिलं की तिसऱ्या-चौथ्या दिवशी माज दिसतो, मग कुत्रीला का नाही? कुणी दिलीय का? किती द्यायची?

लॅबवाली मावशी (पुणे)

मी दिलीय, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. माझ्या लॅब्रॅडॉरला अठराव्या दिवशी सूज आली, पुढे पाच पिल्लं झाली. तेव्हा मला वाटलं, जादूच सापडली. पुढच्या वेळी दुसऱ्या मादीला तीच गोळी दिली, तर पहिले दोन दिवस उलट्या आणि महिनाभर काहीच नाही. आठ दिवसांची खात्री देणारा मित्र कुठून आणलात?

आणि कुणी इस्ट्रोजेनचं इंजेक्शन सुचवलं तर हात जोडून परत पाठवा. फार पूर्वी एका मादीला ते टोचून घेतलं होतं. महिन्या-दीड महिन्यात गर्भाशयात पू झाला, रात्री अकराला ऑपरेशन करून पिशवी काढावी लागली. वाचली, पण त्यानंतर मी कॅलेंडर बघून कुत्री लावणं सोडलं.

गोठ्यावरचा डॉक्टर

रानवाट, म्हशीचं गणित इथं लागत नाही. म्हैस साधारण २१ दिवसांनी माजावर येते. आपण टोचतो ते प्रोस्टाग्लँडिन अंडाशयावरचा पीतपिंड, म्हणजे पुढचा माज अडवून धरणारी गाठ, विरघळवतं, म्हणून पुढचा माज अलीकडे येतो. कुत्रीचा माज संपला की गाभण असो नसो, दोनेक महिने प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गाभ टिकवणारं संप्रेरक, चढंच राहतं, आणि त्यापुढे कित्येक महिने अंडाशय झोपलेलं. कॅबरगोलिन प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं संप्रेरक, उतरवून ती झोप लवकर मोडतं. झोप सरत आली असेल तर काम पटकन होतं, नुकतीच लागली असेल तर मावशींच्या दुसऱ्या मादीसारखं.

मला काळजी वेगळीच वाटते. काही माद्यांचा माज मुका असतो. सूज बेताची, रक्त ती स्वतःच चाटून साफ करते, घरात कुणाला पत्ता लागत नाही. हरणी तशी होऊन गेली असेल आणि गाभण असेल तर? कुत्रीत गाभ टिकायला प्रोलॅक्टिन लागतं. गाभाचा निम्मा काळ उलटल्यावर हीच गोळी दिली तर गर्भ पडू शकतात.

म्हणून आधी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन बघा. माणसांच्या लॅबमध्येही होतं. मिलिलिटरमागे २ नॅनोग्रॅमच्या बरंच वर आलं तर माज नुकताच होऊन गेला असं समजा. मग उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेऊन सोनोग्राफी करा. मात्रा इथं मुद्दाम लिहीत नाही. ती किलोमागे मायक्रोग्रॅममध्ये असते. माणसांची गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची, हरणीला तिचा पाव तुकडासुद्धा जास्त होतो.

लॅबवाली मावशी (पुणे)

शिवाय कुत्र्यांच्या पैदाशीच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे वर्षाला एकच वेत आणि आयुष्यात पाचच. तुमचं वर्ष भरतंय, पण पिल्लं विकणार असाल तर नोंदणीचंही बघून घ्या.

रानवाट (अहमदपूर)

डॉक्टर, रिपोर्ट आला. प्रोजेस्टेरॉन १९. लॅबवाला मला विचारतो, पेशंटचं नाव हरणीबाई का?

घरी येऊन आईला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "दिवाळीत वाडीवरचं तांबडं कुत्रं चार दिवस दारात ठाण मांडून बसलं होतं की. हाकललं तरी हलेना. मला वाटलं तूच आणलंयस."

सोनोग्राफी मंगळवारी. चाकूरवाल्याला फोन केलाय, इसार परत मिळणार नाही म्हणतो.