जुन्या लॅपटॉपला वायफाय दिसत नाही, ५०० रुपयांत काय होईल?

आंबेमोहोर (शुक्रवार, रात्री ९.१०)
नमस्कार मंडळी. वाईला आईकडे आलोय. तिचा लॅपटॉप डेल इन्स्पिरॉन १५४५, २००९ साली घेतलेला. विंडोज १० चे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाले म्हणून काल त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. बाकी सगळं झकास चालतंय, पण वायफायचं चिन्हच येत नाही. विंडोजवर परवापर्यंत चालत होतं.
आई निवृत्त शिक्षिका. आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या बायकांकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या ती टाइप करते आणि मला मेल करते. सातशेच्या वर झाल्यात. ते काम अडायला नको.
बजेट ५०० रुपये. रविवारी संध्याकाळी पुण्याला निघायचंय. आतलं वायफायचं कार्ड बदलू की बाहेरून यूएसबीच्या खाचेत खोचायचं वायफायचं डोंगल घेऊ?

उत्तरायण७२
सोळा वर्षं जुन्या यंत्रावर एक रुपयाही घालू नका. मी गेल्या वर्षी रिफर्बिश्ड थिंकपॅड घेतला, १६ हजार. ८ जीबी रॅम, एसएसडी, बटण दाबलं की दहा सेकंदांत चालू. आईंना तोच घेऊन द्या.

चिंचपेटी
डोंगल घ्या, डोळे झाकून. माझं ३५० ला आलं, नखाएवढं आहे. खोचलं आणि लागलं. दोन वर्षं झाली, एकदाही काढलं नाही.

सोल्डरगन
डोळे झाकून नको! डोंगलमध्ये खोक्यावरचं नाव महत्त्वाचं नाही, आतली चिप महत्त्वाची. उदाहरण सांगतो. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन७२२एन या मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती, लिनक्सवर अगदी बिनत्रासाची. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेक आली. नाव तेच, रूप तेच. दुकानदाराला विचारलं तर तो "सगळं चालतं" एवढंच सांगणार.
आतलं कार्ड बदलायचं तर अथेरॉसचं एआर९२८५ बघा. त्याचा एटीएच९के ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो, वेगळं फर्मवेअर (कार्डात भरायचा कंपनीचा प्रोग्राम) लागत नाही. जुन्या बाजारात दीडदोनशेला मिळतं.

शेवगा
कार्ड बदलायच्या भानगडीत पडू नका, हात जोडून सांगतो. मी बदललं होतं. लॅपटॉप चालू केला तर काळ्या पडद्यावर एकच ओळ: हे नेटवर्क कार्ड मान्य नाही, काढून टाका. पुढे जाईच ना. कंपनीने बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉप चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, ठराविक कार्डांची यादी घालून ठेवली होती, बाहेरचं कार्ड चालवूनच घेत नव्हती. कंपनीचं नाव घेत नाही. ६०० रुपये पाण्यात.
वर जुनं कार्ड परत बसवताना अँटेनाच्या पांढऱ्या वायरीचं टोक मोडलं. ते टोक ज्वारीच्या दाण्याहून लहान. वरून सरळ दाबायचं असतं, मी तिरकं दाबलं.

सोल्डरगन
शेवगा, तुमच्या बाबतीत वाईट झालं, पण सगळ्याच कंपन्या अशी यादी घालत नाहीत. एवढ्यावरून कार्ड बदलूच नका म्हणणं बरोबर नाही. हं, एक खबरदारी घ्यायची: हल्लीची एम.२ कार्डं या लॅपटॉपच्या खाचेत बसत नाहीत, मिनी पीसीआय एक्सप्रेसच हवं. ऑनलाइन घेताना लोक हमखास इथे फसतात.

चिंचपेटी
म्हणून तर म्हणते डोंगल. उघडायचं नाही, मोडायचं नाही.

पायवाट
खरेदीचं नंतर बघू. आंबेमोहोर, आधी आत कुठलं कार्ड आहे ते सांगा. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून एलएसपीसीआय ही आज्ञा द्या, पुढे एक जागा सोडून उणे चिन्ह आणि दोनदा एन. सगळं लहान लिपीत. 'नेटवर्क कंट्रोलर' असलेली ओळ इथे टाका.

आंबेमोहोर (रात्री १०.२५)
ब्रॉडकॉम बीसीएम४३१२, पुढे चौकटी कंसात १४ई४:४३१५.

पायवाट
मग एक पैसाही खर्च करू नका. कार्ड शाबूत आहे. या चिपचा ड्रायव्हर कंपनीच्या परवान्याखाली येतो, त्यामुळे मिंट तो आपणहून बसवत नाही. आपण सांगावं लागतं.
मोबाइल चार्जिंगच्या वायरीने लॅपटॉपला जोडा. मोबाइलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटखाली 'यूएसबी टिथरिंग' असतं, ते चालू करा. लॅपटॉपला नेट मिळेल. मग मेनूतून 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा, ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर दिसेल, तो निवडा, रीस्टार्ट करा. नेट नसलं तरी ज्या पेनड्राइव्हवरून मिंट टाकलं तो खोचून ड्रायव्हर मॅनेजर उघडला तरी चालतं, ते पॅकेज त्यातच असतं.
जुन्या लेखांत 'एनडीआयएसरॅपर' (विंडोजचा ड्रायव्हर लिनक्सवर चालवायची युक्ती) असं काही वाचलंत तर तिकडे फिरकूही नका. तो काळ गेला.

लाल_मुरूम
पायवाट यांच्याशी अर्धाच सहमत. कंपनीचा तो ड्रायव्हर आज लागेल, पण कर्नल अपडेट झाला की तो त्यासाठी नव्याने तयार व्हावा लागतो, आणि कधी कधी तिथेच अडकतो. माझ्या काकांकडे दोनदा झालं, दोन्ही वेळा मी डोंबिवलीहून नाशिक गाठलं. आई एकट्या असतील तर बी४३ हा कर्नलमधला ड्रायव्हर वापरा. त्याला फक्त फर्मवेअर उतरवून द्यावं लागतं. 'फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर' नावाचं पॅकेज आहे, ते चालवताना मात्र नेट लागतंच. दोन्ही ड्रायव्हर एकदम ठेवू नका, एकमेकांच्या पायात येतात.

पायवाट
हे मान्य. एकट्या माणसासाठी बी४३ बरा.

उत्तरायण७२
बघा, एवढी खटपट! माझ्या थिंकपॅडवर यातलं काहीच करावं लागलं नाही.

गवतीचहा
विषय थोडा वेगळा, पण आई मराठी कशावर टाइप करतात? लिनक्सवर फोनेटिक (रोमन अक्षरांत उच्चार टाइप करायचा) कीबोर्ड नीट मिळतो का? माझं घोडं तिथेच अडलंय.

आंबेमोहोर
इनस्क्रिप्ट, म्हणजे प्रत्येक अक्षराची कळ ठरलेला कीबोर्ड. मिंटमध्ये कीबोर्डच्या यादीत मराठी घेतलं की झालं. शाळेत संगणक आले तेव्हा शिकली, आता न बघता टाइप करते. एन वर ल, शिफ्ट धरून एन दाबलं की ळ.

चिंचपेटी
इनस्क्रिप्ट शिकायला फार वेळ जातो. फोनेटिकच सोपं. रोमन अक्षरं सगळ्यांना येतातच की.

लाल_मुरूम
अजिबात सोपं नाही. फोनेटिकमध्ये 'ज्ञ' कसा काढायचा हे प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळं. इनस्क्रिप्ट एकदा बोटांत बसला की कुठेही जा, तोच. पंधरा दिवस लागतात, बस.

शेवगा
आणखी एक. लॅपटॉपवर वायफायचं बटण आहे ना? वरच्या रांगेत अँटेनाचं चित्र असेल. ते बंद असलं तर कुठलाही ड्रायव्हर टाका, काही दिसणार नाही. 'आरएफकिल लिस्ट' अशी आज्ञा दिली की बटणाने अडवलंय की सॉफ्टवेअरने, ते कळतं.

आंबेमोहोर (शनिवार, दुपारी १.४०)
लागलं! मोबाइल वायरीने जोडला, बी४३ चं फर्मवेअर उतरवलं, रीस्टार्ट केलं आणि चिन्ह आलं. पायवाट, लाल_मुरूम, मनापासून आभार. शेवगा, बटण चालूच होतं, पण तपासलं.
आता दुसरी अडचण. राउटर माडीवर आहे आणि त्याची दोन नावं दिसतात. ५ गिगाहर्ट्झचं नाव लॅपटॉपला दिसतच नाही. दुसरं दिसतं, पण आईच्या टेबलापाशी एकच दांडी, तीही येते-जाते. जुनं घर, मातीच्या दोन फुटी भिंती. टेबल माजघरात खिडकीपाशी आहे, आणि तिथून ती उठणार नाही. उजेड तिथेच येतो.

पायवाट
५ गिगाहर्ट्झ दिसणारच नाही. हे कार्ड वायफायच्या बी आणि जी या जुन्या पद्धतींचं, फक्त २.४ वर चालतं, तेही कागदोपत्री ५४ एमबीपीएस. राउटरमध्ये २.४ ला चॅनल १, ६ किंवा ११ ठरवून द्या. १२-१३ वर गेला तर काही कार्डांना तो सापडत नाही. आणि वायफायच्या पासवर्डची सुरक्षा-पद्धत डब्ल्यूपीए२ ठेवा, नुसतं डब्ल्यूपीए३ ठेवलंत तर हे कार्ड जोडलं जाणार नाही.

सोल्डरगन
आता तरी एआर९२८५ टाका. नंतरच्या एन पद्धतीचं आहे, रेंजमध्ये फरक पडेल.

चिंचपेटी
अँटेनावालं डोंगल.

उत्तरायण७२
मेश राउटर घ्या, म्हणजे एकमेकांना जोडून घरभर रेंज पसरवणारे. मी तीन घेतले, पूर्ण बंगल्यात, गच्चीवरसुद्धा, फुल रेंज. सात हजारांच्या आसपास पडले.

आंबेमोहोर (शनिवार, रात्री ८.५०)
सगळ्यांचं वाचलं, तरी वायर टाकली. बाजारात दोन्ही टोकं लावलेली २० मीटरची लॅनची तयार वायर ४२० रुपयांना मिळाली. माडीच्या लाकडी तक्तपोशीत पूर्वी दिव्याच्या वायरीसाठी पाडलेलं भोक होतं, त्यातून खाली सोडली, तुळईच्या कडेने खिडकीपर्यंत आणली. खिळे मी ठोकत होतो, आई खालून सांगत होती, "तिथे नको, तिथे गणपतीचं तोरण बांधतो आपण." म्हणून वायर एक वीत वर गेली. लॅपटॉपला लॅनची खाच आहेच, लावली तशी १०० एमबीपीएस दाखवायला लागली, ड्रायव्हर मागितला नाही.

सोल्डरगन
वायर म्हणजे लॅपटॉप एका जागी बांधून ठेवला की हो. कार्ड दीडशेत आलं असतं.

चिंचपेटी
आणि उंदरांचं काय? जुन्या घरात वायरी कुरतडतात.

आंबेमोहोर
सोल्डरगन, तो गेली कित्येक वर्षं त्याच टेबलावर आहे. बॅटरीही अर्धा तासच टिकते, त्यामुळे चार्जर लावलेलाच असतो. उंदरांचं लक्षात ठेवतो, घरात मांजर आहे. वायफायही चालू ठेवलंय, वायर निघाली तर मेलपुरतं होईल.

गवतीचहा
ओव्या कुठे वाचायला मिळतील का?

आंबेमोहोर (रविवार, सकाळी ७.३०)
आईला विचारलं. म्हणाली, ज्या बायकांनी सांगितल्या त्यांना आधी वाचून दाखवते, त्या हो म्हणाल्या की मग. रात्री ती बावधनच्या एका आजींच्या अकरा ओव्या टाइप करत बसली होती. पाठवल्या तेव्हा मी माडीवर झोपलो होतो, मोबाइल वाजला.