ग्रुप प्रोजेक्टचे गुण सहाही जणांना सारखेच का द्यायचे?

प्रपाठक

बारा वर्षं कम्युनिटी मेडिसिन शिकवते आहे. दरवर्षी सहा-सहा जणांचे गट पाडायचे, प्रत्येक गटाला एक प्रोजेक्ट द्यायचा, रिपोर्ट आणि प्रेझेंटेशन बघून गटाला एक आकडा द्यायचा आणि तोच सहाही नावांपुढे उतरवायचा, अशी आमची पद्धत. यंदा तो आकडा उतरवताना हात थांबला.

प्रोजेक्टचा विषय होता वॉर्डमध्ये कर्मचारी हात किती वेळा स्वच्छ करतात. रिपोर्ट नेटका, मी ७८ गुण काढून ठेवले होते. प्रेझेंटेशन संपल्यावर एकाला सहज विचारलं, "ही टक्केवारी काढताना छेदात काय घेतलंत?" तो म्हणाला, "वॉर्डमधला स्टाफ, मॅडम." रिपोर्टमध्ये मात्र बरोबर लिहिलं होतं. छेदात माणसं नसतात, संधी असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण सांगितले आहेत: पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक काम करण्याआधी, शरीरद्रवाशी संपर्क आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर आणि त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लागल्यावर. एकाच नर्सच्या वाट्याला थोड्या वेळात अशा कितीतरी संधी येतात. वॉर्डात तासभर उभं राहून कागदावर रेघा मारल्या असत्या तर हे विसरणं शक्यच नव्हतं. तो उभाच राहिला नव्हता. त्याच्या शेजारच्या मुलीने मान खाली घातली. सगळ्या नोंदी तिने आणि आणखी एकीने मिळून घेतल्या होत्या, हे मला दोन दिवसांनी कळलं.

माझं मत आता पक्कं आहे. गटाच्या कामाला निम्मेच गुण असावेत. उरलेले निम्मे प्रत्येकाच्या स्वतंत्र व्हायव्हावर, म्हणजे तोंडी परीक्षेवर, आणि गटातल्या बाकीच्यांनी त्याच्याबद्दल काय सांगितलं यावर ठरावेत. एकाने राबायचं आणि दुसऱ्याने आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायचं, आणि मी दोघांनाही ७८ द्यायचे, हे मला खोटं प्रमाणपत्र दिल्यासारखं वाटतं.

भूलतज्ज्ञ

मॅडम, तुमची चीड समजते, पण मी पूर्ण विरोधात आहे.

ऑपरेशन थिएटरमध्ये आम्ही कुणीच वेगळे गुण घेत नाही. सर्जनचे टाके सुंदर, माझी भूल उत्तम आणि अँटिबायोटिक वेळेवर द्यायचं राहून गेलं, तर जखम पिकते ती पेशंटची. "माझा भाग नीट झाला होता" हे वाक्य तिथे कुणाच्याच कामाचं नसतं. आणि हेच वाक्य तुमची पद्धत विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून शिकवणार. शोधनिबंधांचं बघा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे, तिच्या लेखकत्वाच्या चार निकषांपैकी शेवटचा असा की संपूर्ण कामाची जबाबदारी घ्यायला तयार असाल तरच लेखक म्हणून नाव लागेल.

त्या मुलाला छेद माहीत नव्हता, हे बाकीच्या पाच जणांचंही अपयश आहे. प्रेझेंटेशनच्या आदल्या रात्री एकानेही त्याला बसवून समजावलं नाही? सारखे गुण असले की एकमेकांना शिकवायची गरज निर्माण होते. ती गरजच तुम्ही काढून टाकताय.

रेषाखंड

भूलतज्ज्ञ, सारख्या गुणांमुळे एकमेकांना शिकवायची गरज निर्माण होते हे ऐकायला पटतं, पण प्रयोग उलटं सांगतात.

मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्याने दोर ओढण्याचे प्रयोग केले आणि ते १९१३ मध्ये छापले. माणसं वाढत गेली तसा दर माणशी जोर कमी होत गेला. थोडा तोटा ताळमेळ नसल्याने होता, हे खरं. पण १९७९ मध्ये बिब लताने, किपलिंग विल्यम्स आणि स्टीफन हार्किन्स या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना ओरडायला आणि टाळ्या वाजवायला सांगून तपासलं. शेजारी आणखी माणसं ओरडताहेत असं नुसतं वाटलं तरी माणूस हळू ओरडायचा. प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय हे कळल्यावर ती ढिलाई जवळपास नाहीशी होते, हे त्यांनीच पुढच्या प्रयोगांत दाखवलं. म्हणजे चालढकल हा स्वभावाचा दोष कमी आणि मांडणीचा जास्त.

आणि थिएटरचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. २००८ पासून जी शस्त्रक्रिया सुरक्षा यादी वापरात आली, तिच्यात चीर देण्याआधी प्रत्येकाने स्वतःचं नाव आणि भूमिका मोठ्याने सांगायची असते. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती यादी वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आलं (२००९ चा अभ्यास). सगळं श्रेय त्या ओळख करून देण्याला नाही, यादीत बरंच काही आहे. पण "मी कोण आणि माझं काम काय" हे तिथे झाकलेलं नसतं.

आता हिशेब. सहकाऱ्यांच्या गुणांची साधी रीत अशी: प्रत्येकाने बाकीच्यांना गुण द्यायचे, त्यातून प्रत्येकाचा गुणक काढायचा, सरासरी गुणक १. गटाचे ७० असतील तर १.१ गुणकवाल्याला ७७ आणि ०.८ वाल्याला ५६. फार तीव्र वाटत असेल तर निम्मे गुण कायम ठेवा: ३५ अधिक ३५ गुणिले ०.८, म्हणजे ६३. मला ही दुसरी रीत बरी वाटते.

तिसरं वर्ष

मी विद्यार्थिनी आहे आणि असा गुणक माझ्या वाट्याला आला आहे. ०.८२.

आमच्या प्रोजेक्टमध्ये मी डेटा एन्ट्री केली. चारशे फॉर्म. त्यातल्या एकतीस फॉर्ममध्ये वय आणि जन्मतारीख जुळत नव्हती, ती मी एकेक करून मूळ रजिस्टरवरून तपासली. हे काम मी रात्री खोलीत एकटीने केलं. मीटिंगमध्ये मी फारशी बोलत नाही. ज्याने स्लाइड केल्या आणि ज्याने त्या वाचून दाखवल्या, ते सगळ्यांना दिसले. शिवाय गटातले चौघं पहिल्या वर्षापासून एकत्र राहतात. त्यांनी एकमेकांना किती गुण दिले असतील हे सांगायची गरज नाही.

रेषाखंड, सरासरी १ ठेवायची म्हणजे कुणीतरी १ च्या खाली जाणारच. सहाही जण मनापासून राबले आणि एक जण त्याहून थोडा जास्त राबला, तर बाकीच्या पाच जणांचे गुण कापले जातात. त्यांचं काय चुकलं?

मॅडम, व्हायव्हा घ्या. त्याची मला भीती नाही. पण माझं काम ज्यांनी पाहिलंच नाही त्यांना माझे गुण ठरवू देऊ नका.

रेषाखंड

मुद्दा मान्य. सगळे सारखे चांगले असतील तिथे हा गुणक अन्यायच करतो, आणि तो सूत्रातच आहे, वापरणाऱ्याच्या चुकीत नाही. १ च्या वर-खाली ठरावीक फरकापर्यंत सगळ्यांना १ च धरायचं, एवढी दुरुस्ती करता येते. दोस्तीवर मात्र माझ्याकडे सूत्र नाही.

सीमारेषा

मी रेसिडेंट्सच्या शिस्तीची प्रकरणं बघते, त्यामुळे जरा वेगळ्या बाजूने.

तुम्ही सगळे तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच आकड्यात कोंबताय. छेद माहीत नसणं हे अज्ञान आहे, शिकवून जातं. चारशे फॉर्म तपासणं हे कष्ट आहेत. आणि वॉर्डात न जाता रिपोर्टवर सही करणं, ही तिसरीच गोष्ट. तिला गुण कापून उत्तर देता येत नाही. मॅक्सीन पापाडाकिस आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये शिस्तभंगाची कारवाई झालेल्या २३५ डॉक्टरांच्या विद्यार्थिदशेतल्या नोंदी काढल्या आणि तशी कारवाई न झालेल्या डॉक्टरांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. कॉलेजातल्या बेजबाबदार वर्तनाची नोंद आणि पुढची कारवाई यांचा ठळक संबंध दिसला. त्या मुलाला ७८ ऐवजी ६३ दिलेत तर काय होईल? तो पास होईल, आणि त्याने नेमकं काय केलं हे कायमचं पुसलं जाईल. ते वेगळं लिहून ठेवायला हवं, त्याच्याशी बोलायला हवं, आणि त्याने पुन्हा तसं केलं तर कुणाच्या तरी लक्षात यायला हवं.

भूलतज्ज्ञ

सीमारेषांचं म्हणणं मला पटतंय, जरी त्यातून माझ्या "सारखे गुण" या मुद्द्याला तडा जात असला तरी. एकच हट्ट सोडणार नाही. गटाचा म्हणून काहीतरी वाटा सगळ्यांना सारखाच राहू द्या, आणि तो नगण्य नसावा. नाहीतर सहा जण सहा वेगळे प्रोजेक्ट करून एका फाइलमध्ये लावतील. असे रिपोर्ट मी पाहिलेत, पान तीन आणि पान नऊवर रुग्णसंख्याच वेगळी.

प्रपाठक

सहकाऱ्यांच्या गुणांबाबत मी माझं मत मागे घेते. तिसरं वर्ष, तुझ्यासारखी मुलगी माझ्याही गटांत नक्की असणार, आणि मी तिला ओळखलं नसणार. पुढच्या वेळी सहकाऱ्यांकडून आकडा मागणार नाही, दोन ओळी मागेन: याने काय केलं, आणि तुम्ही स्वतः काय पाहिलंत. शिवाय दर आठवड्याला प्रत्येकाने स्वतःच्या कामाची नोंद लॉगबुकात करायची आणि ती मी बघायची. माझा वेळ जाईल, जाऊ दे. निम्मे गुण गटाला, निम्मे व्हायव्हाला, हे कायम.

त्या मुलाचे गुण मी अजून भरलेले नाहीत. काल त्याला बोलावलं, सहीबद्दल विचारलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मला वाटलं सगळेच असं करतात." त्याचं म्हणणं त्याच्यासमोरच लिहून घेतलं. सोमवारपासून तीन दिवस तो त्याच वॉर्डात नोंदी घेणार आहे, आणि कुठली संधी मोजायची हे त्याला ती मान खाली घातलेली मुलगी दाखवणार आहे. तिला आधी विचारलं. ती हो म्हणाली, पण नोंदींच्या कागदावर या वेळी प्रत्येक निरीक्षकाच्या नावाचा वेगळा रकाना हवा, असंही म्हणाली.