पोकर, अभ्यास आणि शेवटची लोकल

आठवड्यातून तीन रात्री पोकर खेळूनही अभ्यास आणि मित्रमंडळी सांभाळता येतात, हे आपले म्हणणे मला अर्धेच पटते. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असताना आम्ही पाच जण मुलुंडला एका मित्राच्या घरी, पैजेच्या चकत्यांऐवजी (चिप्स) शेंगदाणे लावून खेळत असू (हिशेब ठेवणारा त्यातले निम्मे खाऊन टाकी, तो भाग वेगळा), आणि डाव कधी मोडायचा हे आमच्याऐवजी शेवटची लोकल ठरवीत असे. मोबाइलवर खेळू लागल्यावर ती मर्यादाच उरली नाही. हातात येणाऱ्या पहिल्या दोन पानांत दोन्ही एक्के सरासरी २२१ डावांत एकदा येतात, त्यामुळे चांगल्या पानांची वाट पाहता पाहता पहाटेचे तीन कसे वाजत ते कळत नसे, आणि त्या सत्रात माझा एक विषय राहिला. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली असल्याने तो मार्ग आता आपल्यासमोर नाहीच. म्हणून शनिवारची एकच बैठक ठेवावी, डावावरून उठण्याची वेळ आधी ठरवावी, आणि पोकर न खेळणाऱ्या मित्रांसाठी रविवार मोकळा सोडावा, असे मी सुचवेन; माझे तसले दोन मित्र त्या वर्षी दुरावले, ते परत जवळ आले नाहीत.