जायकवाडी ऑगस्टमध्येच काठोकाठ भरायची का? आणि देखभालीचा खर्च कुणी द्यायचा?

गंगथडी:
माझं मत स्पष्ट आहे. ऑगस्टअखेर नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, शंभर टक्के भरू नये. कोणत्या तारखेला पातळी किती, हे जलाशय परिचालन सूचीत ठरलेलं असतं, ते पाळा. नाशकात जोर झाला की गोदावरीवरच्या नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यातून लोंढा निघतो. धरणात जागा नसली तर २७ दरवाज्यांतून मोठा विसर्ग करण्यावाचून इलाज उरत नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये पैठणच्या घरांत पाणी शिरलं होतं. दरवाज्यांची देखभाल आणि वरची पर्जन्यमापक यंत्रं यांचा पैसा पाणीपट्टीतून वेगळा काढून ठेवावा, निधी येईल तेव्हा बघू असं नको.

डावा कालवा:
पूर्ण विरोध. जिवंत साठा, म्हणजे वापरता येणारं पाणी, ७६.६५ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातली १० टक्के जागा रिकामी ठेवायची म्हणजे साडेसात टीएमसी पणाला लावायचं. परतीच्या पावसाने दगा दिला तर? २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणलं, त्या उन्हाळ्यात जायकवाडीही मृतसाठ्यावर होती, म्हणजे वापरायचं पाणी संपलेलं. आणि वरून मागायचं म्हणाल तर समन्यायी वाटपात, म्हणजे खोऱ्यातलं पाणी वरच्या-खालच्या धरणांत वाटून घ्यायच्या नियमात, १५ ऑक्टोबरला साठा ६५ टक्क्यांच्या खाली असला तरच वरची धरणं पाणी सोडतात. आपण ९० वरून ८० वर आणलं, तर ते दहा टक्के कुणी परत देणार नाही.

गंगथडी:
६५ चा मुद्दा खरा आहे, तो मलाही बोचतो. पण सूची धरण रिकामं ठेवायला सांगत नाही. जागा टप्प्याटप्प्याने भरत न्यायची आणि ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत धरण पूर्ण करायचं. नदीकाठच्या माणसाने दरवर्षी रात्री भोंगा ऐकून जनावरं सोडायची का?

वाळूजवाला:
खर्चाचं बोला. घनमीटरमागे कारखान्याच्या पाण्याचा दर शेतीच्या कितीतरी पट आहे. अजून वाढवाल तर मीही विरोध करीन. शेतीची थकबाकी आधी वसूल करा.

डावा कालवा:
वसूल करा, जरूर करा. पण चारीच्या, म्हणजे कालव्याच्या फाट्याच्या, टोकाला पाणी पोचत नाही त्याची पट्टी कशी भरायची? २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्यानुसार शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थेला पाणी मोजून द्यायचं आहे. कालवा दुरुस्त करा, मोजून द्या, पट्टी आम्ही भरतो. पण ऑगस्टमधलं पाणी सोडायला माझी संमती नाही.

गंगथडी:
मोजून द्यायच्या मागणीला माझी सही घ्या. पातळीवर मात्र आपलं भांडण चालू राहील. निदान रोजचा येवा (धरणात येणारं पाणी), विसर्ग आणि सूचीतली पातळी शेजारी शेजारी लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायला लावू.