पैसे भरले होते, हिशेब द्या

'लोकांना चोवीस तास वीज हवी, जादा पैसे मात्र नकोत' हे पुण्याबद्दल तरी मला पटत नाही. २००६ मध्ये राज्यभर भारनियमन चालू असताना पुण्यात ते थांबलं, ते कसं? कारखान्यांनी आपले जनरेटर चालवायचे, त्यांची वाचलेली वीज शहराला द्यायची आणि त्या महाग विजेचा फरक महिन्याला ३०० युनिटच्या वर वापर असलेल्या ग्राहकांनी बिलात भरायचा. वीजदर ठरवणाऱ्या नियामक आयोगापुढे आकडे मांडले गेले, लोकांनी पैसे भरले.

आज आईचं बिल समोर आहे. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार (इंधन किंवा वीजखरेदी महागली की बिलात चढणारा फरक). आयुष्यभर दुकानाचा जमाखर्च लिहिलेली बाई बोट ठेवून विचारते, "हा इंधनाचा आकडा गेल्या महिन्यात नव्हता, आता कुठून आला?" चौकशीला गेलो, तर खिडकीवरून उत्तर मिळालं, "सिस्टीममधून येतं."

दरवाढीपेक्षा मला या उत्तराचा जास्त राग आहे. उन्हाळ्यात बाहेरून महाग वीज घ्यावी लागते, मान्य. मग कुठल्या महिन्याची, किती घेतली, ते बिलामागे सरळ मराठीत छापा ना! आणि भर दुपारी दोन तास वीज गेल्यावर 'दुरुस्ती' असा मेसेज येतो, ती खरंच दुरुस्ती आहे की भारनियमन, हे आम्ही कशावरून ओळखायचं?