थकली, दमली की म्हातारी झाली?

प्रश्न : राजारामपुरी, कोल्हापूर
यासुजिरो ओझू यांचा १९५३ सालचा ‘टोकियो स्टोरी’ हा जपानी चित्रपट आम्ही इथल्या ज्येष्ठ मंडळींना दाखवणार आहोत. पडद्यावरची इंग्रजी अक्षरं भराभर वाचणं अनेकांना जमत नाही, म्हणून प्रसंगाप्रसंगाचं मराठी टिपण करतोय. एका जागी अडलोय. ओनोमिचीहून म्हातारा-म्हातारी मुलांकडं टोकियोला आलीत. मुलगा डॉक्टर, मुलीचं पार्लर. सवड कुणालाच नाही. मग दोघांची रवानगी अतामीच्या हॉटेलात. तिथं रात्रभर गाणीबजावणी, डोळ्याला डोळा लागत नाही. सकाळी समुद्राच्या बांधावर बसून दोघं घरी परतायचं ठरवतात. तो पुढं होतो, ती उठायला जाते आणि तोल जाऊन तिथंच टेकते. झोप झाली नाही म्हणून असेल, असं समजून दोघं चालू लागतात. गावी परतल्यावर ती वारते.

‘वार्धक्य’ पुस्तकी वाटतं. ‘ती थकलीय’ लिहू का? की लोक नुसतं ‘दमलीय’ समजतील?

उत्तर : गंगावेस
‘थकलीय’च लिहा. दमलेला माणूस दम खातो आणि पुन्हा कामाला लागतो. आपल्याकडं ‘जरा दमा’ म्हणजे तर नुसतं थांबा. थकण्याला मात्र दोन पदर आहेत, आणि ते ‘आज’ नि ‘आता’वरनं कळतात. ‘आज थकलो’ म्हणजे रात्री झोपलं की उतरणार. ‘आता थकलो’ म्हणजे वय. आमच्या दूधकट्ट्यावर एक मामा वर्षानुवर्षं म्हशी घेऊन येतात. परवा ते नुसते बसले होते, धार पोरगा काढत होता. मामांची बोटं मात्र मांडीवर आपसूक मिटत-उघडत होती. विचारलं तर म्हणाले, “आता थकलो बघ.” त्यात दमण्याचा काही संबंध नव्हता.

तुमच्या प्रसंगात ती दोघं ‘आज’ म्हणतायत आणि बघणाऱ्याला ‘आता’ दिसतंय. म्हणून दोन्ही अर्थ पोटात घेणारा शब्दच हवा.

उत्तर : कागल
‘आमचं म्हातारं’ विसरू नका. ‘म्हातारं लई थकलंय’ यात जी माया आहे ती ‘म्हातारा’त नाही. पोरगं, लेकरू, तसंच म्हातारं. पण हे घरच्या माणसानं म्हणावं, टिपणात नको.

उत्तर : शाहूपुरी
मला ‘थकली’ इतका निर्मळ शब्द वाटत नाही. ‘आई आता थकली’ असं बहुधा मुलं म्हणतात, आणि पाठोपाठ आईच्या हातातनं कपाटाच्या किल्ल्या, पासबुक, फोडणीचा डबासुद्धा जातो. म्हणतात मायेनंच, पण आईला कुणी विचारलेलं नसतं. या चित्रपटातली मुलंही तेच करतात, आईबापांनी कुठं राहायचं ते परस्पर ठरवतात. तेव्हा शब्द चांगला की वाईट यापेक्षा तो कुणाच्या तोंडी जातो ते पाहा. मुलीच्या प्रसंगात वापरलात तर तीच बरोबर ठरेल.

वडिलांचं काम करणारे चिशू ऱ्यू त्या वेळी अवघे ४९ वर्षांचे होते, मुलगी झालेल्या हारुको सुगिमुरांपेक्षा जेमतेम ५ वर्षांनी मोठे. तरी बसताना, उठताना, मान हलवताना वय दिसतं. थकणं असं दिसतं, सांगावं लागत नाही. टिपण तोकडंच ठेवा.

राजारामपुरी
पटलं. ‘ती उठते. तोल जातो. थकलीय.’ एवढंच लिहितो, ‘आज’ नको नि ‘आता’ही नको. मुलीच्या प्रसंगात तो शब्द येऊ देणार नाही.

अजून एक. शेवटी एकटा उरलेला म्हातारा शेजारणीला सांगतो की आता दिवस फार लांब वाटणार. ‘करमणार नाही’ चालेल?

गंगावेस
नको. करमत नाही ते नव्या गावात, नव्या सासरी. सवय झाली की करमतं. त्याला सवयीनं बरं वाटण्यातलं हे नव्हे. ‘दिवस जाता जाणार नाही’ लिहा. ‘घर खायला उठेल’ही आहे आपल्याकडं, पण त्यात आकांत आहे. बायकोचं घड्याळ सुनेला देतानाही ज्याचा आवाज चढत नाही, त्या माणसाच्या तोंडी ते शोभणार नाही.